क्लोंडाइकचं बारीक सोनं

कॅनडाच्या युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सहून उत्तरेकडे निघालेला क्लोंडाइक महामार्ग सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर चालून डॉसन शहराच्या वेशीशी येतो. शहर दिसायच्या आधी दिसतात ते दगडगोट्यांचे ढीग. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानीसारखे वळलेले, एकाला एक लागून असलेले, संपता न संपणारे. मध्ये कुठे हिरवट पाण्याचं डबकं, कुठे दगडांतून नेटाने उगवलेली विलोची झुडपं. हे नैसर्गिक टेकाड नाही, हे पहिल्या नजरेतच कळतं. गाडी चालवणारा माझा भाचा व्हँकूव्हरला राहतो. त्याने हा मुलूख आधी पाहिलेला. तो म्हणाला, "मावशी, इथलं नदीचं अख्खं खोरं उपसून, धुऊन परत टाकलंय." त्यात अतिशयोक्ती अजिबात नव्हती.

क्लोंडाइक म्हटलं की आपल्याला वाचनातून माहीत असतात त्या गोष्टी म्हणजे चिलकूट खिंडीतली बर्फावरची माणसांची रांग, एका रात्रीत लखपती झालेले लोक आणि बोराएवढे सोन्याचे गोळे. त्या खऱ्याच आहेत. पण या खोऱ्याचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास पाहिला तर गोळ्यांचं राज्य जेमतेम काही वर्षांचं. उरलेला सगळा काळ माणूस इथे बारीक सोन्याच्या मागे आहे. पिठासारखं, चिमटीत न येणारं, पाण्यावर चक्क तरंगणारं सोनं. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या हातून निसटलेलं धुऊन काढलं आणि स्वतःच्या हातूनही काही निसटू दिलं. मला पाहायचं होतं ते हे.

सुरुवातीची हकिकत थोडक्यात सांगते. ऑगस्ट १८९६ मध्ये तेव्हाच्या रॅबिट क्रीकमध्ये सोनं सापडलं. त्या टोळीत होते जॉर्ज कारमॅक, त्याची टॅगिश पत्नी शाव त्ला, तिचा भाऊ कीश आणि त्यांचा भाचा का गूख. पहिल्यांदा कोणाला दिसलं यावर मतं वेगळी आहेत. शोधाचा दावा मात्र गोऱ्या कारमॅकच्या नावे नोंदला गेला. ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअॅटलला लागली आणि जगभरातून अंदाजे एक लाख माणसं घराबाहेर पडली. पोहोचली त्यातली तीस-चाळीस हजार. त्यांतल्या बहुतेकांना कळलं की ओढ्याकाठचा इंचन् इंच आधीच वाटला गेलाय. आज डॉसनची वस्ती दीड हजाराच्या आसपास आहे. रस्ते अजून मातीचे, फुटपाथ लाकडी फळ्यांचे. जमिनीखालचा कायमचा बर्फ वितळला की इमारती कलतात; तशा कललेल्या दोन-तीन जुन्या वास्तू इथे मुद्दाम जपून ठेवल्या आहेत.

त्या काळात या शहरात नोटांपेक्षा सोन्याची भुकटी जास्त चाले. प्रत्येक गल्ल्यावर लहानसा तराजू. भुकटीचा व्यवहारातला भाव औंसाला १६ डॉलर, शुद्ध सोन्याचा सरकारी भाव २० डॉलर ६७ सेंट. या फरकामागे कारण होतं. क्लोंडाइकच्या सोन्यात शंभरात पंचाहत्तर ते पंच्याऐंशी भागच सोनं, बाकी बहुतेक चांदी. शिवाय भुकटीत काळी वाळू मिसळून वजन वाढवणारेही होतेच. दारूच्या गुत्त्यात तोलताना चार कण खाली सांडत, जमिनीवरच्या लाकडाच्या भुश्यात पडत, आणि तो भुसा धुऊन सोनं काढणारे लोकही तिथे तयार झाले.

हे वाचताना मला आपले झारेकरी आठवले. सराफकट्ट्यावर पहाटे सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारी, गटारातला गाळ पाटीत घेऊन धुणारी माणसं कोल्हापूरच्या गुजरीपासून मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत अनेकांनी पाहिली असतील. कानशीच्या एका घासातून उडालेला कण त्यांना सापडतो. मध्य भारतातल्या नद्यांची वाळू धुणारे सोनझारी हे त्यांच्याच विद्येचे. बारीक सोनं पकडायची कला आपल्याकडे जातीने आणि गरिबीने जपली, हे आपण फारसं बोलत नाही. युकॉनमध्ये त्याच कामाची संग्रहालयं आहेत, स्पर्धा आहेत. दरवर्षी १ जुलैला डॉसनमध्ये वाळू धुण्याची स्पर्धा भरते. बादलीभर वाळूत सोन्याच्या ठरावीक पापड्या मिसळलेल्या असतात. वेगाने शोधायच्या, आणि एक जरी हरवली तरी वेळेत दंड. आपल्या झारेकऱ्याला तिथे उभं केलं तर तो नाव काढील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इथेच एवढं सोनं का, याचं उत्तर हिमयुगात आहे. उत्तर अमेरिकेचा बराचसा भाग हिमनद्यांखाली गेला तेव्हा मध्य युकॉनचा हा पट्टा कोरडा राहिला. हिमनदी येते तेव्हा जुन्या ओढ्यांतली वाळू खरवडून, मिसळून, दूर नेऊन टाकते. इथे तसं झालं नाही. डोंगरांतल्या अभ्रकी शिस्ट खडकात क्वार्ट्झच्या शिरा होत्या, त्या लाखो वर्षं झिजत राहिल्या, सोनं सुटत राहिलं आणि ओढ्यांच्या तळाशी साचत राहिलं. ओढे पुढे आणखी खोल गेले. म्हणून आज दोन थर आहेत, उतारावर उंच राहिलेली पांढुरकी जुनी वाळू आणि आजच्या ओढ्याच्या तळाची वाळू. दोन्हींत सोनं, आणि सगळ्यात जास्त ते थेट पायाच्या खडकावर, त्याच्या फटींत. वरती मीटरच्या मीटर गोठलेला काळा चिखल. त्या चिखलात सोन्याखेरीजही बरंच काही निघतं. जून २०२२ मध्ये युरेका क्रीकवरच्या खाणीत मॅमथचं अखंड पिल्लू सापडलं, तीस हजार वर्षांहून जुनं, अंगावर कातडी आणि केस शाबूत. ट्रॉन्डेक ह्वेचिन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांनी त्याचं नाव नुन चो गा ठेवलं.

बोनान्झा क्रीकवर पहिल्या दाव्याच्या, म्हणजे खाणकामासाठी नोंदलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या, जरा वर सहाव्या क्रमांकाचा दावा आहे. तिथे कोणीही जाऊन फुकट वाळू धुवावी, अशी डॉसनच्या पर्यटन संघटनेने सोय केली आहे. आम्ही गेलो तेव्हा काठावर एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर बुटांत बसले होते, खाणीतून निवृत्त झालेले. हिरव्या प्लॅस्टिकची, एका बाजूला खाचा असलेली ताटली त्यांच्या हातात होती. मी शेजारी बसले, त्यांनी न विचारताच शिकवायला सुरुवात केली.

ताटली भरून वाळूगोटे घ्यायचे, पण वरवरचे नाहीत. मोठ्या दगडाच्या खालचे, मागचे. ताटली पूर्ण पाण्याखाली धरून चिखलाची ढेकळं बोटांनी फोडायची. यात घाई नको, कारण चिकणमातीचा गोळा सोन्याचे कण पोटात घेऊन तसाच ओढ्यात निघून जातो. मोठे गोटे धुऊन बाजूला. मग ताटली सपाट ठेवून डावी-उजवीकडे जोरात हलवायची, म्हणजे जड ते तळाशी बसतं. मग किंचित तिरकी करून वरची वाळू पाण्याबरोबर जाऊ द्यायची. पुन्हा सपाट, पुन्हा हलवणं, पुन्हा तिरकी. आपल्याकडे तांदूळ रोळतात ना, तीच क्रिया. फरक इतकाच की रोळताना वरून वाहतात ते तांदूळ ठेवायचे आणि तळाचे खडे टाकायचे. इथे तळचं ठेवायचं. ज्या घरांत पूर्वी धान्य रोळूनच शिजायला पडे, तिथल्या बाईला हे पाच मिनिटांत जमेल. माझा हात बसलेला पाहून गृहस्थांनी मान डोलावली तेव्हा मला आईची आठवण झाली.

शेवटी ताटलीत मूठभर काळी वाळू उरते. ती मॅग्नेटाइट, इल्मेनाइट यांसारख्या लोखंडी खनिजांची, मध्ये डाळिंबी रंगाचे गार्नेटचे कण. खरं काम इथून सुरू होतं. क्वार्ट्झची वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, मॅग्नेटाइट पाचपट, शुद्ध सोनं १९ पट. आकार सारखा असता तर सोनं केव्हाच वेगळं झालं असतं. पण सोनं मऊ. ओढ्यात गोट्यांखाली कुटलं जाऊन त्याची पापडी होते आणि पापडी पाण्यात झाडाच्या पानासारखी हेलकावत उतरते. खूप बारीक कणांचा तर हिशेबच वेगळा, व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. म्हणजे बारीक, चपटा सोन्याचा कण आणि त्याहून जाडा मॅग्नेटाइटचा कण पाण्याच्या लेखी जवळजवळ सारखेच.

त्यातच आणखी एक गंमत त्यांनी दाखवली. ताटलीतलं पाणी जवळजवळ काढून टाकलं, तळचे कण उघडे पडले, आणि पुन्हा पाणी सोडल्याबरोबर दोन-तीन पिवळे ठिपके पृष्ठभागावर तरंगू लागले. पाण्याहून इतकी जड वस्तू पाण्यावर! कणावर हाताच्या तेलाचा किंवा सडलेल्या पानांतल्या तेलकटपणाचा थर असला की पाणी त्याला ओलं करत नाही. पृष्ठताण त्याला उचलून धरतो. असा कण ताटलीतून काय आणि मोठ्या यंत्रातून काय, थेट ओढ्यात जातो. उपाय अगदी साधा आहे, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. त्यांनी तो टाकला आणि ठिपके टुपकन बुडाले. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वाळूवरून फिरवून मॅग्नेटाइट उचललं, ताटलीच्या कडेला बोटाने हळूच टिचक्या मारल्या. काळी वाळू पुढे सरकली, मागे पिवळी रेघ राहिली. नखाच्या टोकाएवढीही नाही. उन्हात सावलीत कुठेही धरली तरी तिचा रंग तोच, आणि अभ्रकाची चमक ओळखायची खूण हीच. अभ्रक सावलीत विझतं. ते कण त्यांनी चोखून घेणाऱ्या छोट्या बाटलीत ओढून घेतले.

या रेघेची किंमत किती? एक दशांश मिलिमीटर व्यासाचा शुद्ध सोन्याचा गोल कण धरला तर एक ग्रॅम व्हायला जवळजवळ एक लाख कण लागतात. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला दहा लाख. डोळ्यांना कण दिसला की माणूस हरखतो. हा हिशेब मांडला की खाणवाला मुळात काय उद्योग करतो ते कळतं. तो सोनं शोधत नाही, सोनं कुठे आहे हे त्याला माहीत असतं. तो वाळू, पाणी आणि वेग यांचं प्रमाण शोधत असतो.

पहिल्या वर्षांतल्या लोकांना हे प्रमाण बघायला उसंत नव्हती. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर लाकडं पेटवून ती मऊ करायची, खडकापर्यंत विहीर खणायची, वाळू वर ढीग करून ठेवायची आणि वसंतात ओढा वाहू लागला की लाकडी पन्हळीतून धुवायची. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या; त्यांच्यामागे पाण्याचे भोवरे होतात आणि जड कण तिथे बसतात. जाडं सोनं बसलं. बारीक, चपटं पाण्याबरोबर गेलं. गेलं तर जाऊ दे, अशी तेव्हा श्रीमंती होती.

मग आल्या कंपन्या. गुगेनहाइम कुटुंबाच्या कंपनीने उंचावरची पांढरी वाळू पाण्याच्या तोफांनी धुण्यासाठी १९०६ ते १९०९ मध्ये शंभरावर किलोमीटर लांबीचा कालवा आणि नळमार्ग बांधला. आणि आले ड्रेज, म्हणजे तरंगते कारखाने. बोनान्झा क्रीकवर, डॉसनपासून बारा-तेरा किलोमीटरांवर ड्रेज क्रमांक ४ अजून उभा आहे, कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने जपलेला. १९१२ मध्ये बांधलेला, लाकडी सांगाड्याचा, आठ मजली. त्याच्या पायाशी उभं राहिल्यावर मान मागे न्यावी लागते. पोलादी बादल्यांची साखळी, एकेक बादली १६ घनफुटांची; मी तिच्या ओठावर हात ठेवून पाहिला, जाडजूड आणि घासून गुळगुळीत झालेला.

त्याची कामाची रीत अशी. ड्रेज स्वतःच्या डबक्यात तरंगे. पुढे खोदे, मागे टाके, आणि डबकं बरोबर घेऊन खोऱ्यातून सरके. बादल्यांतून आलेली वाळू फिरत्या पोलादी चाळणीत पडे; मोठे दगड पट्ट्यावरून मागे फेकले जात, बारीक माल भोकांतून खालच्या पन्हळींवर. तळाशी पट्ट्या आणि त्यांच्याखाली काथ्याच्या चटया. नारळाच्या सोडणाचा काथ्या उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या या खोऱ्यात सोन्याची भुकटी धरून ठेवत होता, हे ऐकताना मी कोकणातली म्हणून मला विशेष वाटलं. चटया ठरावीक दिवसांनी काढून झटकून धुवायच्या. खरा गल्ला तो. ड्रेज ४ ने आपल्या आयुष्यात सुमारे ९ टन सोनं दिलं. १९५९-६० च्या सुमारास तो थांबला, आणि १९६६ मध्ये खोऱ्यातले ड्रेज कायमचे बंद झाले. रस्त्यालगतचे ते कमानदार ढीग ही त्यांचीच मागची रांग.

एवढं अवाढव्य यंत्र, तरी त्याच्या हातून दोन प्रकारचं सोनं जाई. चाळणीच्या भोकात न मावणारा मोठा गोळा दगडांबरोबर मागच्या ढिगात, आणि फार बारीक भुकटी गढूळ पाण्याबरोबर. शिवाय पायाच्या खडकाच्या खोल फटींत बादली पोहोचत नसे. म्हणून आज क्लोंडाइकमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच लहान, कौटुंबिक खाणी याच धुतलेल्या जमिनीत पुन्हा उतरल्या आहेत. १८९६ पासून आजवर या भागाने दोन कोटी औंसांच्या आसपास सोनं दिलंय, आणि तरी संपलेलं नाही.

आजच्या खाणवाल्याचं शहाणपण चाळण्यात आहे. मोठ्या गोट्यांना वाहून न्यायला जोरदार पाणी लागतं आणि तेच पाणी बारीक सोनं घेऊन जातं. म्हणून आधी चाळून जाडं-बारीक वेगळं करायचं आणि बारकं रुंद पन्हळीवर उथळ, एकसारख्या पाण्याने धुवायचं. तळाला जाळीदार पत्रा आणि रबरी धाग्यांची चटई. विसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या खाणींत एक सुरेख प्रयोग झाला, सोन्याचे कण किरणोत्सारी करून वाळूत सोडले आणि पन्हळीत ते कुठे अडकतात, कुठे निसटतात हे उपकरणाने मोजलं. त्यातून दिसलं की तोटा बहुधा यंत्राच्या जातीने होत नाही, हाताळणीने होतो. पाणी कमीजास्त होणं, पट्ट्यांमागे वाळू घट्ट बसून दगड होणं, माल एकदम ओतणं. शेवटचा गाळ हलत्या टेबलावर किंवा गरगर फिरणाऱ्या यंत्रात वेगळा होतो. रसायन कुठेही नाही.

हे महत्त्वाचं आहे, कारण जगात बारीक सोनं पकडायचा सोपा मार्ग पारा हाच मानला गेला. पारा कणाला चिकटतो, गोळा होतो, गोळा तापवला की पारा उडतो आणि सोनं उरतं. उडालेला पारा आधी तापवणाऱ्याच्या फुप्फुसात आणि मग नदीतल्या माशांत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के अशा लहान सोनेखाणींतून येतो. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, भारतानेही २०१८ मध्ये तो मान्य केला. पन्हळ, चाळणी आणि साबणाचा थेंब यांनी जे जमतं ते शिकवणं हा माझ्या मते या प्रश्नावरचा सगळ्यात माणुसकीचा इलाज आहे.

युकॉननेही स्वच्छ हातांनी सोनं काढलं असं मात्र नाही. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची सामन मासेमारीची जागा होती. गर्दी उसळली आणि त्यांना काही किलोमीटर खाली मूसहाइडला जावं लागलं. त्यांच्या प्रमुखाने, चीफ आयझॅकने, आपली गाणी आणि नाच या गर्दीत हरवतील हे ओळखून ती अलास्कातल्या नातलगांकडे सोपवली. अनेक दशकांनी ती परत आणली गेली. डॉसनच्या नदीकाठच्या दानोजा झो सांस्कृतिक केंद्रात हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. २०२३ मध्ये युनेस्कोने ट्रॉन्डेक-क्लोंडाइकला जागतिक वारसा ठरवलं, ते सोन्याच्या वैभवासाठी नव्हे. या लोकांनी वसाहतवादाला कसं तोंड दिलं त्याची साक्ष म्हणून. युकॉन नदीतला चिनूक सामन इतका घटलाय की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने सात वर्षं त्याची मासेमारी थांबवायचा करार केला. त्याला समुद्र तापण्यापासून अनेक कारणं आहेत, पण ज्या खोऱ्याचा तळ माणसाने उलटापालटा केला तिथे मासा नसणं मनाला लागतं.

जायचं असेल तर जून ते ऑगस्ट हा काळ धरा. जूनमध्ये रात्री पुरता अंधार होतच नाही. व्हाइटहॉर्सपर्यंत विमान आहे, पुढे गाडी घ्यावी, वाटेत पेट्रोलपंप थोडे आहेत हे लक्षात ठेवावं. ड्रेज ४ बघायला आधी वेळ ठरवा. सहाव्या दाव्यावर वाळू धुवायची तर ताटली आपली आपण न्यायची असते, आणि दाव्याच्या खुणेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. ती जमीन कोणाच्या तरी चालू खाणीची असते. डॉसनमध्ये एखादा दिवस असेल तर सोन्याच्या आधी दानोजा झोला जा.